सर्वानुमते साठ फ्रेम

झटपट निर्णय घेणं हे समाजाच्या अपरिपक्वतेचं लक्षण आहे, हे जगाला आता कुठे कळू लागलंय. आमच्या मोत्स्वेरे गावाला ते फार पूर्वीच कळलं. आमच्याकडे कुणाची शेळी कुणाच्या कुंपणात शिरली तरी आधी खोतला भरतो. खोसींच्या, म्हणजे आमच्या गावप्रमुखांच्या घरासमोर जाड खुंटांचं अर्धगोल अंगण आहे, तोच खोतला. प्रत्येकजण घडीची खुर्ची घरून आणतो. ज्याला बोलायचंय तो बोलतो. ज्याला बोलायचं नाही तोही बोलतो, आणि सहसा तोच जास्त वेळ घेतो. शेवटी खोसी सगळ्यांचं सार काढतात, सगळे "पुला!", म्हणजे 'पाऊस पडो', अशी आरोळी ठोकतात आणि शेळी एव्हाना काय खायचं ते खाऊन घरी गेलेली असते.

मी या खोतल्याचा आणि ग्रामविकास समितीचा सचिव. त्याआधी जमीन मंडळात एकतीस वर्षं कारकुनी केली. त्या काळात माझ्या टेबलावरून एकही कागद घाईने पुढे गेला नाही, हे विरोधकही मान्य करतील. संगणक क्र. ४ च्या प्रकरणात ओरातिलेचं नुकसान झालं, असं हल्ली काही तरुण मंडळी उघडपणे कुजबुजतात. (आमची तरुण मंडळी कुजबुजतातही मोठ्याने.) सबब, वस्तुस्थिती नमूद करून ठेवतो.

संगणक क्र. ४ हा आमच्या युवा केंद्रातला एकमेव संगणक. क्र. १ ते ३ कधीच आले नाहीत, पण नोंदवहीत त्यांची जागा राखून ठेवलेली आहे. आता, संगणकावरच्या खेळात जे चित्र हलताना दिसतं ते मुळात हलत नसतं. सेकंदाला बरीच स्थिर चित्रं एकामागून एक दाखवतात, त्यांना फ्रेम म्हणतात. साठ दाखवली की शर्यतीतली गाडी सुळकन पळते. सत्तावीस दाखवली की ती अडखळत, खोकत, जिल्हा परिषदेच्या गाडीसारखी जाते. क्र. ४ सत्तावीस दाखवायचा. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत तो आकडा सतत यायचा, त्यामुळे त्यावर चर्चेला वावच नव्हता. (तो पुढे निर्माण करण्यात आला.)

ओरातिले ही गावातली चोवीस वर्षांची मुलगी. हिशेबशास्त्राची पदवी घेऊन राजधानीहून, गाबोरोनीहून परत आली, दोन वर्षं नोकरीसाठी अर्ज करत राहिली आणि रोज सकाळी दोन तास केंद्रात येऊन क्र. ४ वर गाड्या पळवत राहिली. विद्यापीठात असताना तिथल्या चांगल्या यंत्रावर ती देशात तिसरी आली होती. आता याच खेळाच्या स्पर्धेसाठी परदेशी, विंडहूकला जाणाऱ्या राष्ट्रीय संघाची निवड होती. जागा चार. प्रत्येकाने आपापल्या गावच्या केंद्रातून ऑनलाइन शर्यतीत उतरायचं, आणि यंत्र साठ फ्रेम देतंय याचा पुरावा आधी पाठवायचा. पुरावा नाही तर प्रवेश नाही.

"मामा, बत्तीस ठिकाणी अर्ज केले," ती मला म्हणाली, "उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. ते हे. मला ही जागा हवीय."

तिला दुसरं काहीही नको होतं आणि ती ते लपवतही नव्हती. सार्वजनिक जीवनात हा मोठा दोष समजला जातो.

जिल्हा परिषदेने त्या वर्षी प्रत्येक केंद्राला 'एक सुटा भाग (संगणकीय)' मंजूर केला होता. ओरातिलेने लगेच अर्ज दिला. तो जसाच्या तसा असा : "केंद्रातल्या संगणकाचं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, चित्रं तेच काढतं. प्रोसेसर ठीक आहे. कृपया कार्ड बदलावं."

मी तो परत केला. त्यात 'सविनय' नव्हतं, 'उपरोक्त' नव्हतं, आणि मागणीच्या आधी पार्श्वभूमी नव्हती.

"पार्श्वभूमी काय लिहू मामा? सत्तावीस येतात, साठ हव्यात, एवढंच तर आहे."

"तेच लिही. पण दोन पानांत लिही."

तिने दोन पानं लिहिली. मग मी प्रकरण खोतल्यापुढे ठेवलं, कारण सुटा भाग सार्वजनिक होता आणि सार्वजनिक गोष्टीत एकट्या माणसाला बरोबर असण्याचा अधिकार नसतो.

पहिल्या बैठकीला ओरातिले विजारीत आली. खोतल्यात बाईमाणसाने विजार घालून येणं बसत नाही, हे काय मी सांगायला हवं? तिला परत पाठवण्यात आलं. कुणाचा तरी स्कर्ट आणि निवृत्त परिचारिका मा-बोनोलो यांची शाल घेऊन ती येईपर्यंत एकेचाळीस वक्ते नोंदले गेले होते. त्यांपैकी अडतीस जणांनी "मला संगणकातलं काही कळत नाही, परंतु" अशी सुरुवात केली. 'परंतु'च्या पुढचा भाग सरासरी अकरा मिनिटांचा होता. दोघांनी आपल्याला कळतं असं सांगितलं आणि गुरांच्या लसीकरणावर बोलून खाली बसले. एकजण दुसऱ्याच बैठकीला आलेला होता, पण त्याचं भाषण उत्तम झालं. ओरातिलेचा नंबर आला तेव्हा चहा आणि माग्विन्या, म्हणजे आमचे तळलेले गोळे, आले. गरम माग्विन्यांपुढे बोलून कुणी कुणाचं मन वळवल्याची नोंद आमच्या दप्तरात नाही.

दुसऱ्या बैठकीला तिने डोकं लढवलं. क्र. ४ उचलून आणला, खोसींच्या ओसरीवरून वायर ओढली आणि झाडाखालच्या टेबलावर यंत्र सुरू केलं. सगळे खुर्च्या सरकवून जवळ आले. खेळ चालू असताना कोण किती राबतंय हे यंत्र स्वतःच दाखवतं, ते तिने पडद्यावर आणलं. प्रोसेसर : बावीस टक्के. कार्ड : शंभर टक्के.

"बघा," ती म्हणाली, "प्रोसेसर रिकामा बसलाय. तो आपलं काम उरकून कार्डाची वाट बघतोय. कार्ड पार दमलंय, त्याच्याच्याने होत नाही. नवा प्रोसेसर आणला तर तोही वाटच बघत बसेल. म्हणून कार्ड बदला."

इतकं स्पष्ट बोलणं आमच्या खोतल्यात फार वर्षांत झालं नव्हतं.

मग रा-मोदिसे उठले. रा-मोदिसे सव्वीस वर्षं बोअरचे पंप दुरुस्त करत आले आहेत, आणि त्यांचा आवाज डिझेल इंजिन चालू असताना बोलायची सवय असलेल्या माणसाचा आहे. "पोरगी बरोबर सांगतेय," ते म्हणाले. "आपल्या बोअरचंच घ्या. इंजिन नवं बसवा, नाहीतर विमानाचं बसवा! पाईप दोन इंची असेल तर पाणी दोन इंचीच येणार. इंजिनाला काय धाड भरलीय? पाईप बदला, पाईप!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बोअरच्या पाईपचं दुखणं गावात नऊ वर्षं जुनं होतं आणि ते कुणीतरी अखेर बोलून दाखवलं होतं. ठराव क्र. ४ : जलविभागाला पाईप बदलण्याबाबत तातडीने लिहावे. रा-मोदिसे ओरडून ओरडून काही सांगत होते, नंतर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मी 'भावनाविवश झाले' अशी नोंद केली. (जलविभागाने तीन आठवड्यांत चार इंची पाईप टाकला. पाणी दुप्पट झालं. म्हणजे त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं.)

यानंतर मा-बोनोलो बोलायला उभ्या राहिल्या आणि प्रकरणाला खरं वळण लागलं. "मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली," त्या म्हणाल्या. "मला टक्के वाचता येतात. तो कार्ड का कोण, तो शंभर टक्के राबतोय. आणि तो प्रोसेसर बावीस टक्के काम करून बसलाय पाय पसरून. आणि तुम्ही घालवणार कुणाला? तर राबणाऱ्याला! अरे, काही लाज? आमच्या वॉर्डात पण हेच व्हायचं!"

प्रत्येकाला आपापली नोकरी आठवली. मलाही जमीन मंडळातले तीन साहेब आठवले, त्यांपैकी एकालाही मी बावीस टक्क्यांपर्यंत पोचलेला पाहिलेला नाही. मागच्या रांगेत एका माणसाने डोळे पुसले.

"अहो मावशी, तो आळशी नाहीये," ओरातिले कळवळून म्हणाली. "त्याला कामच नाहीये!"

"आमच्या मेट्रनबाई पण हेच म्हणायच्या," मा-बोनोलो म्हणाल्या, आणि बसल्या.

खोसी लेसोले यांनी सार काढलं. ते मितभाषी आणि न्यायी गृहस्थ आहेत. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू असतो असं जिल्ह्याच्या पत्रकात छापलेलं आहे, ते त्यांनी वाचून दाखवलं. कार्ड चित्रं काढतं, म्हणजे ते शोभेचं काम झालं. तरीही ते बिचारं इमानाने राबतंय. मेंदू मात्र कामचुकार. "माणसाचा मेंदू चालेना तर आपण त्याचं तोंड रंगवतो का?" त्यांनी विचारलं. कुणी रंगवत नव्हतं. ठराव क्र. ५ : प्रोसेसर बदलावा, आणि कार्डाने केलेल्या सेवेबद्दल त्याचे आभार मानावेत. पुला!

ओरातिले शाल घडी करत बसली होती. ती तिसरी घडी होती.

नवा प्रोसेसर पुढच्या महिन्यात आला. समारंभ झोकात झाला. मंडप, सूत्रसंचालक, प्रार्थना, पाहुण्यांची ओळख, ओळख करून देणाऱ्याची ओळख, आणि सर्वांना कुटलेलं गोमांस आणि ज्वारीची लापशी. प्रोसेसर तळहाताएवढाही नसल्यामुळे तो मागच्या लोकांना दिसेना, म्हणून परिषदेच्या पाहुण्यांनी रिकामं खोकं उंच धरलं. फीत कापली. ओरातिलेनेच तो यंत्रात बसवला, कारण बसवता तिलाच येत होता. ठराव तिच्याविरुद्ध गेला होता, तरी तिने प्रत्येक स्क्रू नीट पिळला. मग खेळ सुरू केला आणि कोपऱ्यात हिरवा आकडा आला.

अठ्ठावीस.

एकाची वाढ. म्हणजे शेकडा ३.७ टक्के. देशाच्या विकासाचा वेग कित्येक वर्षी याहून कमी होता आणि तेव्हाही मंडप घातलेलेच होते. काहींनी नव्या प्रोसेसरचा टक्का पाहिला. तो नऊ होता. मा-बोनोलो थोड्या अस्वस्थ झाल्या, पण वरच्या दर्जाचा अधिकारी कमी काम करणारच, हे त्यांनीच इतरांना समजावलं.

तरी प्रश्न उरलाच. पुराव्याला साठ हवे होते. मग खोसींनी आमच्या परंपरेला शोभेल असा मार्ग काढला : लोकांनाच विचारू. मंडपातल्या एकशे बारा जणांना पाच-पाचच्या गटाने पडद्यासमोर बसवलं. एकशे नऊ जण म्हणाले, आता गाडी फार छान पळते. दोघांना चष्मा सापडला नाही. उरलेली एक ओरातिले.

"साठ नाहीत, अठ्ठावीस आहेत," ती म्हणाली. "तिथे लिहिलंय ना! वाचा की!"

"पोरी, एकशे नऊ माणसं खोटं बोलतात का?" खोसींनी अगदी मायेने विचारलं.

"खोटं नाही बोलत. त्यांना तसं वाटतंय. आत्ताच जेवलेत, मंडप आहे, फीत कापलीय, त्यांना सगळंच छान वाटणार."

"मग लोकांना छान वाटणं वाईट आहे का?"

तिने नुसतं त्या आकड्यावर बोट ठेवलं. खोसींच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आमच्या खोतल्यात विरुद्ध मताचाही गळा दाबत नाहीत. खोसींनी त्या हिरव्या आकड्याला तीनदा संधी दिली. यंत्र तीनदा बंद करून तीनदा सुरू केलं. तो तिन्ही वेळा अठ्ठावीसच म्हणाला. इतक्या समजूतदार मंडळींसमोर इतका हेका धरणं कुणालाच आवडलं नाही. शेवटी मी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर समितीच्या शिक्क्याची चिठ्ठी चिकटवली आणि विरोध संपला. साठ फ्रेम येतात, हा ठराव क्र. ६ संमत झाला.

पुराव्याबाबत आयोजकांचा नियम असा होता : 'चित्रफीत किंवा सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला'. मी स्वतःच्या हाताने दाखला लिहिला. "प्रमाणित करण्यात येते की, मोत्स्वेरे युवा केंद्रातील संगणक क्र. ४ वर दर सेकंदाला साठ (६०) फ्रेम सर्वानुमते येतात." खाली तीन शिक्के मारले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात देखणा दाखला होता, खरंच सांगतो.

"नको असेल तर राहू दे," मी ओरातिलेला म्हणालो. "चित्रफीत पाठव हवं तर."

चित्रफितीत अठ्ठावीस दिसणार होते आणि तिचं नाव त्याच दिवशी कटणार होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिने दाखल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो घडी करून पिशवीत टाकला. गाबोरोनीच्या आयोजकांनी तो विनाहरकत मान्य केला. एका शिक्क्यात चालतं, आपले तीन होते.

शर्यत शनिवारी सकाळी अकराला झाली. अर्धं गाव केंद्रात, उरलेलं खिडक्यांना. अठ्ठावीस फ्रेमवर वळण उशिरा दिसतं. ते दिसेपर्यंत गाडी काटेरी झुडपात असते. म्हणून या मुलीने तीन आठवडे बसून सगळा रस्ता पाठ केला होता. वळण दिसायची ती वाट बघतच नव्हती. ओठांतल्या ओठांत आकडे मोजायची आणि न दिसणाऱ्या वळणावर गाडी वळवायची. पहिल्या फेरीत सातवी होती. दुसरीत पाचवी. तिसऱ्या फेरीत ती तिसरी आली तेव्हा रा-मोदिसेंनी माझा दंड इतका दाबला की दोन दिवस दुखत होता. मीही ओरडत होतो. सचिवाने ओरडू नये, पण मी ओरडत होतो.

शेवटच्या वळणावर एका स्पर्धकाची गाडी उलटून आडवी पडली होती. तिने रस्ता पाठ केला होता, ती गाडी पाठ केलेली नव्हती. बाकीच्यांना ती दिसली आणि त्यांनी वळसा घातला. ती दिसेपर्यंत ओरातिलेची गाडी तिच्यावर आदळलेली होती. सावरून निघेपर्यंत तिघे पुढे गेले. सहावी आली. जागा चार होत्या.

खिडकीतून कुणीतरी हळहळून म्हणालं, "साठ फ्रेम असूनसुद्धा!" आणि ते सगळ्यांना पटलं. संध्याकाळपर्यंत बाजारात, दवाखान्यात, चर्चच्या पायऱ्यांवर तेच चाललं होतं. गावाने एवढं केलं, नवा मेंदू आणला, साठच्या साठ फ्रेम दिल्या, आणि पोरीला साधी गाडी चुकवता आली नाही. जिल्हा परिषदेचं पत्रही त्याच अर्थाचं आलं : यंत्र प्रमाणित असल्याने पराभव स्पर्धकाच्या कौशल्याशी संबंधित दिसतो, सबब पुढील वर्षीचा सुटा भाग अन्य गावास देण्यात येत आहे.

चार दिवसांनी ओरातिले माझ्या कचेरीत आली. बसली नाही.

"मामा, इतिवृत्त बघायचंय."

मी वही दिली. मंडपातली धरून तिने तिन्ही बैठका वाचल्या. घाई केली नाही, हे मला आवडलं.

"मी विरोध केला होता. तो कुठे लिहिलाय?"

"विरोधाचा रकाना नाही आपल्याकडे. 'चर्चेत भाग घेतला' असं लिहिलंय बघ."

तिने वही मिटली. "मामा, तुम्ही मंडपात पडद्याच्या अगदी शेजारी उभे होतात. तुम्हाला अठ्ठावीस दिसत होतं ना?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला इतका थेट प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याला नमुना नव्हता, नियम नव्हता, वरच्या कचेरीकडे पाठवायची सोय नव्हती.

"दिसत होतं," मी म्हणालो.

"मग बोलला का नाहीत?"

"मला आकडा कुणी विचारला नाही."

"मलाही कुणी विचारला नव्हता," ती म्हणाली, आणि गेली. मला लाज वाटली. भयंकर वाटली. (हे इतिवृत्तात नाही. तसा रकाना नाही.)

दुसऱ्या दिवशी मी वहीतली ठराव क्र. ६ ला संमती देणाऱ्यांची यादी पूर्ण करायला घेतली. आमच्या पद्धतीप्रमाणे, जो हजर होता आणि गप्प राहिला त्याची संमती धरली जाते. म्हणून सर्वांत वर मी माझं नाव लिहिलं. पुढे खोसी, पाहुणे, ते चष्मा न सापडलेले दोघे, असं करत एकशे अकरा नावं झाली. एकशे बारावी ओळ ओरातिलेची होती, ती मी खोडली. हे माझ्या हातून झालेलं पहिलं बेकायदेशीर काम.

त्यामुळे एक जागा मोकळी झाली. कार्ड बदलायला हवं हे तुम्हाला तिच्या पहिल्याच अर्जात कळलं होतं. नाही म्हणू नका. तेव्हापासूनच तर आमच्यावर हसताय. तिन्ही बैठकांना तुम्ही हजर होतात, मी दाखला लिहीत होतो तेव्हा माझ्या खांद्यावरून वाचत होतात, आणि ती मुलगी त्या आडव्या गाडीकडे जात होती तेव्हा पुढे काय होणार याची मजेत वाट बघत होतात. एकदाही हात वर केला नाहीत. सबब, एकशे बाराव्या ओळीत तुमचं नाव घेतलं आहे. शेजारी सहीसाठी जागा सोडली आहे. नाही केलीत तरी चालेल, संमती धरलेलीच आहे.